चारही चाके फिरली म्हणून गाडी थांबत नाही

हिमवादळातून गाडी हाकल्याचे व्हिडिओ दर हिवाळ्यात पाहायला मिळतात आणि त्यांखालच्या प्रतिक्रियांत 'फोर बाय फोर असेल तर काळजी नाही' हे वाक्य हमखास असते. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी गाडी. गेल्या हिवाळ्यापर्यंत मीही याच मताचा होतो. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी घाटात अडकलेल्या गाडीत आम्हा चौघांना अख्खी रात्र काढावी लागली, तेव्हापासून ते मत माझ्यापुरते निकालात निघाले आहे. त्याची कारणे जरा सविस्तर मांडतो.

दुपारी निघालो तेव्हा आभाळ नुसते भरून आले होते. वादळाचा इशारा आम्ही वाचला होता. पण तो संध्याकाळनंतरचा होता, अंतर १८० किलोमीटरचे होते आणि पुढच्या मुक्कामाच्या खोल्यांचे पैसे आधीच भरलेले होते. या तिन्हींची बेरीज करून 'अंधार पडायच्या आत पोहोचू' असा निष्कर्ष आम्ही काढला. त्यात खरा जोर खोल्यांच्या पैशांचा होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

वादळ दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच आले. बर्फ वरून पडत नव्हता, वाऱ्याबरोबर आडवा येत होता, आणि आधी पडलेलाही जमिनीवरून उठून पुन्हा हवेत मिसळत होता. अमेरिकेची हवामान सेवा ताशी सुमारे ५६ किलोमीटरचा वारा आणि ४०० मीटरहून कमी दृश्यता सलग तीन तास टिकली, तर तिला 'ब्लिझर्ड' म्हणते. आम्हाला तर बॉनेटचे टोकही मधूनमधून दिसेनासे होत होते. दिवा अप्परवर टाकला की समोर पांढरी भिंत उभी राही, म्हणून तो डिपरवरच ठेवला. वायपरच्या पात्यांवर बर्फाच्या काड्या चिकटल्याने ती काच पुसण्याऐवजी तिच्यावर ओरखडल्यासारखी फिरत होती, आणि दर दहा मिनिटांनी थांबून, खाली उतरून पाती उचलून आपटावी लागत होती. रस्त्याची कड दिसत नसल्यामुळे मी पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे निघालो. तो ट्रक दरीत गेला असता तर मीही मागोमाग गेलो असतो, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

घात झाला तो गाडी उत्तम चढत होती म्हणून. चारही चाकांना ताकद मिळत असल्याने चढावर कोणतेच चाक जागच्या जागी गरगरले नाही आणि त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे, याची खबरच मला लागली नाही. साध्या गाडीची चाके घसरतात, चालक घाबरतो आणि वेग कमी करतो. ती सूचना आमच्या गाडीने आमच्यापर्यंत पोहोचू दिली नाही. शेजारी बसलेला मेहुणा 'बघा, जाणवतसुद्धा नाही' असे म्हणत असतानाच उताराचे वळण आले, मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल कडकड थरथरले आणि गाडी वळणाची दखल न घेता सरळ चालू लागली. पाय उचलल्यावर पुढच्या चाकांनी रस्ता धरला, तोवर कठडा हातभर अंतरावर आला होता. त्यानंतर मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही.

थांबताना चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीत लागतो, त्यात फोर बाय फोरची वेगळी करामत काही नसते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर घर्षण सातपटीने कमी झाले, तर त्याच गाडीला जवळजवळ १०० मीटर लागतात. गाडी जड असल्याचाही उपयोग नाही, कारण वजनाने पकड वाढते तशी थांबवायची ताकदही वाढवावी लागते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असले की स्टिअरिंग हातात राहते, अंतर घटेलच असे नाही. भुसभुशीत बर्फावर तर ते वाढूही शकते. फरक पडतो तो टायरने. साधे रबर थंडीत कडक होते आणि म्हणूनच तापमान ७ अंशांच्या खाली गेले की हिवाळी टायर वापरण्याचा सल्ला दिला जातो. आमचे टायर साधे होते.

पुढे एक ट्रक आडवा झाला आणि सगळी रांग जागीच थांबली. सात तासांच्या त्या थांब्यात मला सर्वांत जास्त भीती सायलेन्सरची वाटली, कारण त्याचे तोंड बर्फाने बुजले की इंजिनाचा धूर गाडीत शिरू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकून वीसहून अधिक माणसे गेली, आणि त्यांपैकी काही जण थंडीने नव्हे, तर बंद गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेली. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने येणारी गुंगी थकव्यासारखीच वाटते. आम्ही घड्याळ लावून आळीपाळीने उतरत होतो, सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ हाताने उकरत होतो, मगच दहा मिनिटे इंजिन चालवत होतो आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे खाली ठेवत होतो. अर्ध्या तासापूर्वी साफ केलेली नळी दर वेळी पुन्हा बुजलेली सापडे.

अशा वेळी 'बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ का टाकले नाही' म्हणून यंत्रणेवर तोंडसुख घेणे सोपे असते. मरीच्या घटनेच्याच महिन्यात अमेरिकेतील व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर शेकडो वाहने अडकली आणि सिनेटर टिम केन यांनी २७ तास गाडीत काढले. तेथे आधी पाऊस झाला होता. रस्त्यावर आगाऊ शिंपडलेले मिठाचे पाणी वाहूनच गेले असते, म्हणून ते शिंपडलेच नव्हते. माझ्या मते यंत्रणेकडे मागायची गोष्ट मीठ नव्हे, रस्ता बंद करणारा, वेळेत लावलेला अडसर आहे, आणि नेमका तोच लागला की आपण चालक तेथील शिपायाशी हुज्जत घालतो. आम्हाला दुपारी कोणी अडवले असते, तर मीही घातलीच असती. मुक्कामाची ठिकाणे चालवणाऱ्यांनीही इशारा जाहीर झाल्यावर तारीख बदलून देण्याची सोय ठेवली, तर निम्म्या गाड्या निघणारच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

पहाटे बर्फ हटवणारे यंत्र आले आणि आम्ही गाडी आल्या वाटेने वळवली. खोल्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. आता हिवाळ्यातल्या प्रवासाचा हिशेब मांडताना एक मुक्काम बुडीत खात्यात धरूनच मांडतो, आणि मेहुण्याने यंदा न सांगता हिवाळी टायर घेतले आहेत.