मंजुरीचा फळा आणि आफ्रिकेची बँक

बँकेच्या कर्जखात्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. मार्चअखेरीला साहेबांच्या केबिनबाहेर पांढरा फळा लागायचा. रकाना एकच, ‘मंजूर रक्कम’. वसुलीचा रकाना कधी कुणी आखलाच नाही. यातली कोणती खाती आडवी होणार, हे चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक असायचं.

आफ्रिकन विकास बँकेचा नव्वदच्या दशकातला इतिहास वाचताना तोच फळा डोळ्यांपुढे आला. आफ्रिकी देशांना कर्ज देण्यासाठी १९६४ साली उभी राहिलेली, आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला मुख्यालय असलेली ही बँक. आधी भागधारक फक्त आफ्रिकी देश. बाहेरच्यांना १९८२ मध्ये दार उघडलं, आपला भारत १९८३ मध्ये आत गेला. १९९४ मध्ये जागतिक बँकेचे माजी उपाध्यक्ष डेव्हिड नॉक्स यांच्या समितीने बँकेचे वाभाडे काढले. कर्ज मंजूर करण्याची घाई, दिलेल्या पैशाचं पुढे काय झालं याची फिकीर नाही, वरच्या खुर्च्यांची खोगीरभरती. बाजारभावाचं, म्हणजे बिनसवलतीच्या व्याजाचं कर्ज ज्यांना झेपणारच नव्हतं अशा देशांनाही ते दिलं होतं, मग थकबाकी साचणारच! १९९५ मध्ये पतमापन करणाऱ्या स्टँडर्ड अँड पुअर्सने ‘ट्रिपल ए’ ही सर्वांत वरची पत काढून घेतली.

त्याच वर्षी मोरोक्कोचे ओमर कब्बाज अध्यक्ष झाले. शेकडो माणसं घरी गेली (हे लिहायला सोपं, मला माहीत आहे), आणि फेडण्याची ऐपत बघूनच बाजारभावाचं कर्ज द्यायचं असं ठरलं. पत परत मिळाली २००३ मध्ये. गंमत बघा, त्याच वर्षी आयव्हरी कोस्टमधल्या यादवीमुळे बँकेला बाडबिस्तरा गुंडाळून ट्युनिशियाच्या ट्युनिसला जावं लागलं. परतायला २०१४ उजाडलं.

पण पत सांभाळायची तर गरीब देशाला हात आखडता, हा पेच तिथेच राहिला. त्यांच्यासाठी सवलतीचा वेगळा विकास निधी आहे. तो दर तीन वर्षांनी भरायचा, आणि त्यात मोठा वाटा श्रीमंत देशांचा. म्हणजे वॉशिंग्टनचं मन फिरलं की झोळी हलकी. अध्यक्ष निवडताना मात्र एकूण मतांचं बहुमत लागतं आणि आफ्रिकी देशांचं वेगळं बहुमतही लागतं. ही अट मला फार आवडते. पण निधीची चावी दुसऱ्याच्या कनवटीला असेल तर नुसत्या मतांनी किती भागणार?

१ सप्टेंबर २०२५ पासून मॉरिटानियाचे सिदी ऊल्द ताह त्या खुर्चीत आहेत. आधीचे अकिनवुमी अदेसिना यांच्या काळात, २०१९ मध्ये, अधिकृत भांडवल (भागधारकांकडून घेता येईल त्याची कमाल मर्यादा, हातात आलेला पैसा नव्हे) ९३ अब्ज डॉलरवरून २०८ अब्जांवर गेलं. आकडा दणदणीत आहे, पण माझ्या लेखी ती फळ्यावरचीच रक्कम. त्यापेक्षा जागतिक बँकेबरोबर घेतलेला २०३० पर्यंत ३० कोटी लोकांना वीज देण्याचा संकल्प मला जास्त पटतो, कारण तिथे घरं मोजता येतात. फक्त मोजणी जोडणी दिल्याच्या दिवशी नको. दोन वर्षांनी जा, संध्याकाळी सातला, आणि दिवा लागलाय का ते बघा. नव्या साहेबांनी फळ्यावर तो रकाना आखला, तर त्याला मी सुधारणा म्हणेन.