पहिल्या अंकात उल्का नको, घरभाडं पाहिजे

सुपरहिरोच्या कॉमिकचा पहिला अंक म्हटला की बहुतेकांना वाटतं, गड्याला शक्ती कुठून आली ते आधी सगळं सांगून घ्यावं. मला हे अजिबात पटत नाही. शक्ती काय, कुठूनही येते. परग्रहावरून येते, कोळी चावून येते. वाचक ते एका पानात मान्य करून टाकतो. त्याला पुढचं पाहिजे असतं: आता हा करणार काय, आणि खाणार काय?

विषय निघाला कारण आमच्या भाच्यानं स्वतःचं कॉमिक काढायला घेतलंय. पहिला अंक चोवीस पानांचा. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात उल्का पडते. मग शास्त्रज्ञ येतात, मग गूढ प्रकाश, मग शिवाजी पेठेतला एक पैलवान संध्यामठाजवळ पोहायला उतरतो, बेशुद्ध पडतो, दवाखान्यात जातो. शेवटच्या पानावर छाती काढून उभा, खाली 'क्रमशः'. चित्रं मात्र एक नंबर. कुस्ती झाल्यावर घामावर लाल माती कशी खपल्या-खपल्यांनी चिकटते, मानेच्या घडीत कशी काळपट होते, हे पोरानं बरोबर टिपलंय. पोशाखाचाही प्रश्न नाही. सुपरमॅनची ती वरून घातलेली चड्डी सर्कशीतल्या पैलवानांवरून आली म्हणतात, आपल्याकडं लंगोट तयारच आहे. पण चोवीस पानांत गड्यानं एक काम केलेलं नाही राव!

सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात, जून १९३८ चा अंक, किंमत दहा सेंट. त्याची गोष्ट तेरा पानांची. ग्रह नष्ट झाला, बाळ यानातून आलं, अनाथाश्रमात वाढलं, हे सगळं पहिल्याच पानावर उरकलंय. त्या ग्रहाचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. गडी उडतही नाही अजून, लांब उड्या मारतो. लगेच तो रात्री गव्हर्नरच्या घरात दार फोडून शिरतो, कारण एका निर्दोष बाईला देहदंड होणार असतो. पुढं बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला हाणतो. शेवटी युद्धात देशाला ओढू पाहणाऱ्या पुढाऱ्याच्या मागं लागतो. तेरा पानांत एवढं! (ज्या दोन पोरांनी हे लिहिलं-काढलं, त्या सीगल आणि शुस्टरला ४१२ डॉलरचा चेक मिळाला, त्यातले सुपरमॅनचे फक्त १३०, आणि हक्क गेले ते गेलेच. भाच्या, सही करताना मामाला विचार.)

तरी माझा सगळ्यात आवडता पहिला अंक स्पायडरमॅनचा. त्याचा जन्म आधीच, ऑगस्ट १९६२ च्या दुसऱ्या एका मासिकात झालेला. स्वतःच्या नावाचा अंक मार्च १९६३ चा. लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटको. काका गेलेत, घरात पैसा नाही, घरमालक भाड्यासाठी दारात. पोरगं मुखवटा घालून खेळ करतं. खरं नाव सांगत नाही म्हणून चेक निघतो 'स्पायडरमॅन'च्या नावानं. तो चेक घेऊन गडी आख्ख्या पोशाखात बँकेत जातो, आणि खिडकीतला माणूस ओळखपत्र मागतो. असला पोशाख काय, कुणीही घालेल! भिंतीवर चढणारा पोरगा हात हलवत बाहेर. पुढं तो अंतराळवीराला वाचवतो, तर त्या अंतराळवीराचाच प्रकाशक बाप दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात ह्यालाच गुन्हेगार ठरवतो. इकडं मे काकू दागिने गहाण टाकते. मग बिचारा फँटास्टिक फोर ह्या चार सुपरहिरोंच्या टोळीकडं नोकरी मागायला जातो, तर तिथं पगारच नाही. एवढं वाचल्यावर पुढचा अंक कोण घेणार नाही?

भाचा म्हणतो, "मामा, आता तसं चालत नाही, आधी युनिव्हर्स, म्हणजे सगळ्या हिरोंचं मिळून एक जग, उभं करायला लागतं." अरे, १९९१ ला एक्स-मेनच्या नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती दुकानांत गेल्या, पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, एकाच माणसानं पाचही घ्यायची. पुढं काही वर्षांत तो बाजार बसला, आणि १९९६ ला ते काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. युनिव्हर्स होतंच की तेव्हा.

आणि कोल्हापुरात बसून खलनायक शोधायचा? जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं बघ. पाणी ३९ फुटांवर इशारा, ४३ धोका, आणि २०१९ ला पाणी ५५ च्या वर. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांत बोट दारात आलेली असताना "म्हैस सोडून येत नाही" म्हणणारी म्हातारी घे. सुपरमॅननं मुखपृष्ठावर मोटार उचलली होती, आपल्या गड्यानं म्हैस उचलावी, म्हातारी मागं ओरडतीय, "आरं हळू, गाभण हाय ती!" दहाव्या पानापर्यंत गाव बाहेर काढ. पुढची पानं पाणी ओसरल्यावरची. गड्याची स्वतःची भाड्याची खोली बुडालीय, पंचनाम्याच्या रांगेत उभा आहे, आणि टेबलापलीकडून प्रश्न येतो: आधारवरचा पत्ता जुना कसा?

पुराच्या वेळी त्या रांगेत उभं राहिलेल्यांनी तुमचे किस्से खाली टाका. काय काय कागद मागितले, ते जरा तपशिलात लिहा; पोराला दोन-तीन पानं भरायची आहेत.