दंड नको, राहू दे!

सांगलीच्या एका बँकेत मी 33 वर्षं दंडव्याज वसूल केलं. माफीसाठी लोकांनी हातापाया पडून पाहिलं, पुढाऱ्यांचे फोन आणले, एकाने तर पेढ्यांचा पुडा आणला. पण ज्याचं येणं आहे तोच "दंड नको, राहू दे" म्हणतोय, हे मी प्रथम पाहिलं ते पिट्सबर्गला, मुलाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी.

बाहेर गुडघाभर बर्फ, आत अमेरिकन फुटबॉल. पळायला वाट नाही. स्टीलर्सचा, म्हणजे इथल्या संघाचा, सामना होता आणि अख्खं स्टेडियम पिवळे टॉवेल गरगरा फिरवत होतं. हा 'टेरिबल टॉवेल' इथे 1975 पासून चालू आहे म्हणे. मला जेजुरीच आठवली. तेवढ्यात एक पिवळं फडकं मैदानात येऊन पडलं.

"अरे, कुणाचा तरी टॉवेल पडला बघ. द्या म्हणावं उचलून."

अकरा वर्षांच्या नातीने कपाळाला हात लावला. "आजोबा, तो फ्लॅग आहे. पेनल्टी!"

(ही फडक्याची कल्पना इथून तासा-सव्वा तासावरच्या यंग्सटाउनमधल्या एका प्रशिक्षकाची, 1941 सालची. फडकं शिवलं मात्र त्याच्या बायकोने.)

पांढऱ्या टोपीचा पंच माइकवर म्हणाला, चेंडूवाल्या संघाने होल्डिंग केलं. म्हणजे समोरच्याला धरून ठेवलं. दंड दहा यार्ड. यार्ड म्हणजे आपला वार. दहा वार म्हणजे नऊवारीहून एक जास्त, एवढं मला झेपलं. पण लगेच तो म्हणाला, "पेनल्टी डिक्लाइन्ड." ज्यांना धरून ठेवलं होतं, त्यांनीच दंड नाकारला!

"वेडे आहेत का हे?"

"बाबा, थर्ड डाउन होता," मुलगा म्हणाला. चार प्रयत्नांत दहा वार जायचं असतं. तिसऱ्या प्रयत्नात चेंडूवाल्यांचा पास जमिनीवर पडला होता. दंड घेतला तर ते दहा वार मागे जाणार खरे, पण तिसरा प्रयत्न त्यांना पुन्हा मिळणार. नाकारला तर उरला फक्त चौथा, आणि त्यात बहुतेक जण चेंडू लाथेने लांब भिरकावून मोकळे होतात.

"म्हणजे कर्जदार आपणहून बुडालाय, त्याला दंडव्याज लावून मुदतवाढ कशाला द्यायची?"

"बाबा, प्लीज. मॅच बघा."

पण आता माझ्यातला कारकून जागा झाला होता. दरपत्रक विचारलं. खेळ सुरू होण्याआधीच हललात, पाच वार. विनाकारण धसमुसळेपणा, पंधरा. बचाववाल्याने होल्डिंग केलं तर पाचच, पण वर समोरच्यांना कोरे चार प्रयत्न. म्हणजे कर्जाचं पुनर्गठनच. आणि पास झेलू पाहणाऱ्याला बचाववाल्याने ढकललं, तर जिथे ढकललं तिथे चेंडू. चाळीस वार लांब असेल तर चाळीस वार! न झेललेल्या चेंडूचे! दोन्हीकडून गुन्हा झाला तर बहुतेक वेळा फिट्टंफाट, डाव पुन्हा.

सगळ्यात आवडलं ते 'हाफ द डिस्टन्स'. चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून आठ वारांवर आणि दंड दहाचा, तर आणायचे कुठून? मग निम्मं अंतर मागे. आठाचे चार. पुन्हा गुन्हा, दोन. पुन्हा, एक. कितीही दंड करा, रेषा काही येत नाही. आमचे वाळव्याकडचे एक खातेदार अगदी असेच फेडायचे, दर वेळी उरलेल्याच्या निम्मे. मी निवृत्त झालो, त्यांचं खातं चालूच होतं. मात्र स्वतःच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, उभं राहून होल्डिंग केलंत तर समोरच्याला थेट दोन गुण. ती जप्ती.

"बाबा, डिले ऑफ गेम," मुलगा म्हणाला. म्हणजे मी गप्प बसायचं.

मध्यंतरात सगळे स्वयंपाकघरात गेल्याचं पाहून मी टीपॉयवरच्या डब्यातला गुलाबजाम हळूच तोंडात टाकला. मला मधुमेह आहे. कुठूनसा पिवळा टॉवेल उडत येऊन थेट माझ्या चष्म्यावर बसला.

"मम्मा! आजोबांवर पेनल्टी! अ‍ॅक्सेप्ट की डिक्लाइन?"

सूनबाईंनी दारातूनच डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हळूहळू वाकड्या होत चाललेल्या तोंडाकडे.

"डिक्लाइन," त्या म्हणाल्या. "ते बिनसाखरेचे आहेत."