सेवेची वाच्यता करायलाच हवी

‘खरी सेवा करणारा कधी बोलत नाही, फोटो टाकणाऱ्या, आवाहनं करणाऱ्या संस्था धंदा करतात.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. त्याचा फटका बड्या संस्थांना बसत नाही. नोकरी सांभाळून चार मित्र जे मंडळ चालवतात, त्यांच्याकडे लोक संशयाने बघू लागतात.

म्हणे, पूर्वीचे लोक गाजावाजा करत नसत. गाडगेबाबा तर आयुष्यभर गावोगाव कीर्तनातून हजारोंशी बोलले. त्यातून माणसं जोडली गेली, म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबा आमटेंच्या आनंदवनाचा ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदही लोकांसमोर जाऊनच काम पोहोचवतो.

‘काम चांगलं असेल तर ते आपोआप कळतं,’ हे तर साफ चूक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. 1999 साली त्यांनी हे आकड्यांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि पुढेही सरकारदरबारी मांडत राहिले. 2011 पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणींच्या घरी जाऊ लागल्या. बंग दाम्पत्य गप्प बसलं असतं, तर हे ज्ञान त्या 39 गावांपलीकडे गेलं असतं का?

फोटोंबद्दलच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. धान्याची पिशवी घेणाऱ्या बाईचा चेहरा टिपून तो गटागटांत फिरवणं मला क्रूर वाटतं. उद्या तिची मुलगी शाळेत जाते, तिथे तो फोटो आधीच पोहोचलेला असतो. ‘फोटो काढू का?’ असं विचारूनही भागत नाही. हातात पिशवी असताना नाही कोण म्हणेल? पिशव्यांचा ढीग, किराणा दुकानाचं बिल, किती घरांत काय दिलं याचा तक्ता एवढं देणगीदाराला पुरतं. पूर आला की ‘मदत पाठवा’ असं मोघम लिहू नये. औषधं हवीत की सतरंज्या, किती आणि कधीपर्यंत, हे लिहावं. नाहीतर जुन्या कपड्यांची गाठोडी येऊन पडतात.

राहिला पैसा प्रचारात उडवल्याचा आरोप. नोंदणीकृत न्यासाला हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. तो मागा, देणगीची पावती मागा. जी संस्था कधीच काही बोलत नाही, तिच्याकडेही मागा.