धान्य सोडून रानात जायचं म्हणे!

पावसाळा लागला की नाशिकच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. सार असं: आदिमानव धान्य खात नव्हता म्हणून त्याला आजार नव्हते, तीन-चार तास काम, बाकी आराम, तेव्हा आपणही पोळी-भात सोडून हरसूल-पेठच्या रानातलं शुद्ध, फुकटचं अन्न कच्चं खावं, जमलं तर शिकारही करावी.

‘आजार नव्हते.’ अलीकडच्या शिकारी-संकलक, म्हणजे शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या, समाजांत मधुमेह, हृदयविकार फार कमी आढळतात, हे मान्य. पण त्यांच्यात शंभरातली चाळीसेक मुलं पंधरा वर्षांची होण्याआधीच दगावत. त्यातून वाचलेले सत्तरीही गाठत. फॉरवर्डवाल्याला हे म्हातारे दिसले, ती पोरं दिसली नाहीत.

‘धान्य खात नव्हता.’ जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलींत भाकरीचे जळके तुकडे सापडले आहेत. तिथे शेती सुरू व्हायला तेव्हा चारेक हजार वर्षं बाकी होती. रानटी धान्य दळून भाजणारे ते लोक शिकारी-संकलकच. आपल्याकडे गंगापूरजवळ गोदाकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली. पण दगड टिकतो, कंद कुजून जातो. नुसत्या दगडांवरून ताटातला मेनू सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

‘तीन-चार तास काम.’ हा आकडा १९६० च्या दशकात आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या शिकारी-संकलकांच्या पाहणीतून आला. त्यात फक्त अन्न मिळवण्याचा वेळ होता. सोलणं, कुटणं, शिजवणं, हत्यारं दुरुस्त करणं धरल्यावर आठवड्याची बेरीज चाळीस तासांच्या वर गेली. घरकाम कामात न धरण्याची खोड फक्त आपल्या घरांतच आहे असं नाही!

आता ‘शुद्ध आणि कच्चं’. इथे मात्र काळजी वाटते. शेवळ या पावसाळी रानभाजीचा कोंब कच्चा चावून बघा: कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी जीभ-घसा असा खाजेल की पुन्हा नाव काढणार नाही. म्हणून वरची पानं सोलतात, आतला पिवळा भाग काढून टाकतात, उरलेलं बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच घालून शिजवतात. कडूकंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. आणि कळलावी ही विषारी वेल? तिचा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने माणसं मेली आहेत. व्हिडिओ बघून कंद उकरायला निघालेल्याला हा फरक कोण दाखवणार?

‘फुकट.’ कुणाला? त्र्यंबक रस्त्याला जुड्या मांडून बसलेली मावशी पहाटेच डोंगर चढून आलेली असते आणि आपण तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. तिच्या घरी ती भाजी नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीबरोबर खातात. महादेव कोळी, कोकणा, वारली पिढ्यान्‌पिढ्या उतारांवर नागली, वरई पिकवत आले आहेत. रान ज्यांना तळहातासारखं ठाऊक आहे त्यांनीही धान्य सोडलेलं नाही. वर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणाऱ्या कंद-फळांसारख्या गोष्टींवर, हक्क दिला आहे तो वनात राहणाऱ्यांना, रविवारी गाडी घेऊन येणाऱ्यांना नाही.

शिकारीबद्दल एवढंच: १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ससा मारणंही गुन्हा आहे.

आणि हिशेब करायचाच तर असा: जिल्हा सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत माणसं ६१ लाख. शिकार-संकलनावर चौरस किलोमीटरला बहुधा एक माणूसही निभत नाही. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात फार तर पंधरा हजार.

रानभाजी जरूर घ्या, भाव न पाडता घ्या, आणि कशी शिजवायची ते विकणारीलाच विचारा. कुलू या रानभाजीची जुडी मात्र मुळासकट उपटलेली असेल तर ठेवून द्या. ती पुढच्या पावसाळ्यात कंदातूनच फुटते.