मलकोवालचे ते मृत्यू प्लेगच्या लसीमुळे नव्हते

शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेल्या प्लेगच्या लसीने पंजाबातल्या मलकोवाल गावात १९ जणांचा बळी घेतला, असा मजकूर सध्या फिरतो आहे. मृत्यू खरे आहेत, कारण मात्र चुकीचे सांगितले जाते.

ऑक्टोबर १९०२ मध्ये तिथे एकाच दिवशी १०७ जणांना लस टोचली. नंतर धनुर्वाताने दगावलेले १९ही जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांपैकी कुणालाही धनुर्वात झाला नाही. लसच घातक असती तर असे झाले असते का? ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात.

तरीही ठपका ही लस बनवणाऱ्या, हाफकिन यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. १८९७ च्या जानेवारीत याच माणसाने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली होती! रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर, १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या त्याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले.