तीन डॉक्टर, तीन मते

गेल्या वर्षी दादाला प्रोस्टेटच्या कॅन्सरचे निदान झाले, तेव्हा भारतात तीन आठवड्यांत त्याला तीन मते मिळाली: सर्जनने ग्रंथी काढून टाकायला सांगितले, रेडिएशनच्या डॉक्टरांनी रेडिएशन सुचवले, आणि तिसऱ्याने तूर्त नुसते लक्ष ठेवावे असे म्हटले. घरात निष्कर्ष निघाला की तिघांपैकी दोघे पैशासाठी बोलत आहेत. मग मला फोनवर विचारणा झाली, ‘तुमच्या ब्रिटनमध्ये असा गोंधळ नसेल ना?’

गोंधळ इथेही असतो, फक्त रुग्णाला तो दिसत नाही. कॅन्सर-सेवांविषयीच्या १९९५ च्या काल्मन-हाइन अहवालापासून इथे सर्जन, रेडिएशनतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि नर्स यांनी एकत्र बसून रुग्णाच्या उपचाराचा विचार करण्याची पद्धत रुळली. वाद होतो तो त्या खोलीत, आणि रुग्णाच्या हाती येते ती एकमुखी शिफारस. रुग्णाने दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागितले तर सहसा नकार मिळत नाही, पण तो त्याचा कायदेशीर हक्क नाही. इथे पगारी डॉक्टर असूनही सर्जनचा कल शस्त्रक्रियेकडे असतोच, म्हणून पैशाचा संशय भारतात निराधार नसला तरी मतभेदाचे पूर्ण उत्तर त्यात नाही, असे मला वाटते.

दादाच्या तिन्ही डॉक्टरांना पुरेल एवढा आधार ब्रिटनमध्येच झालेल्या ‘प्रोटेक्ट’ या चाचणीत आहे. ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत या कॅन्सरने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के, तर इतर दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास होते, आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पुढे कधीतरी उपचार घेतलाच. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटण्याचा, तर रेडिएशननंतर आतड्यांचा त्रास अधिक आढळला. हे आकडे समोर ठेवून एक जण थांबेल, दुसरा ऑपरेशन करून घेईल, आणि दोघेही चुकीचे नसतील, कारण कोणता त्रास सोसायचा हे ठरवण्यात डॉक्टरांचे ज्ञान अर्धेच उपयोगी पडते. (अधिक आक्रमक गाठींना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.)

म्हणून मी दादाला चौथे मत शोधायला सांगितले नाही. बायोप्सीच्या स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घे, असे मात्र आग्रहाने सांगितले, कारण गाठ किती आक्रमक आहे हे सांगणारा ग्लीसन स्कोअरच बदलला तर तिन्ही मतांचा पायाच हलतो. नंतर त्याने तिघांनाही एकच प्रश्न विचारला: तुमचा उपचार घेतला नाही, तर दहा-पंधरा वर्षांत माझे नेमके किती बिघडेल? तिघांचीही उत्तरे त्याच्या अपेक्षेपेक्षा एकमेकांच्या बरीच जवळ निघाली. बंद खोलीतली एकमुखी शिफारस मिळाली असती, तर हा प्रश्न त्याला सुचला असता का, याची मला शंका आहे.

स्कोअर बदलला नाही. दादाने लक्ष ठेवण्याचा मार्ग निवडला आहे, ठरल्या वेळी पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी करून घेतो, आणि वहिनींना तो निर्णय अजून पटलेला नाही.